मुलं अमेरिकन, आईबाप बिनकागदाचे: सही करू का?

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकावा ते कळेना, म्हणून 'परदेशस्थ'मध्ये टाकतेय. अ‍ॅडमिननी हवा तर हलवावा.

आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आमच्याकडे महिन्यातून दोनदा साफसफाईला एक बाई येतात, मूळ मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. नवरा छपरं घालायच्या कामावर जातो. मोठी मुलगी सातवीत, धाकटा दुसरीत, दोघंही जन्माने अमेरिकन. आईबापाकडे मात्र इथे राहायच्या परवानगीचे कागद नाहीत. मागच्या आठवड्यात काम आटपल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढून ओट्यावर ठेवलं. त्यात मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाची पिवळी कार्डं, धाकट्याच्या दम्याच्या पंपाचं प्रिस्क्रिप्शन, मोठीच्या चष्म्याचा नंबर आणि सगळ्यात वर 'केअरगिव्हर्स ऑथरायझेशन अ‍ॅफिडेव्हिट' (मूल सांभाळणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र) नावाचा सरकारी फॉर्म. आम्हा दोघांना इमिग्रेशनवाल्यांनी एकाच दिवशी उचललं तर मुलांना तुमच्याकडे ठेवाल का, यावर सही कराल का, असं सरळ विचारलं. बहीण फ्रेझ्नोला आहे, पण तिच्याकडेही कागद नाहीत.

मी "घरी बोलून सांगते" म्हटलं. नवरा म्हणतो आपणच अजून एच-१बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत लटकलेले, नस्ती भानगड नको. कुणाला माहिती किंवा अनुभव आहे का?

काळाचहा:
बापरे. वाचतोय.

तिखटजाळ:
तुमचे यजमान बरोबर सांगताहेत. आणि ताई, बिनकागदाच्या बाईला घरात कामाला ठेवलंय हे जगजाहीर लिहायची काय गरज होती? १९८६ पासून माहीत असून असं काम देणं बेकायदेशीर आहे. आम्ही पै न् पै टॅक्स भरून, दर तीन वर्षांनी व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात धक्के खात, चौदा वर्षं रांगेत उभे. ज्यांनी रांगच मोडली त्यांच्यासाठी आपण का जीव टांगणीला लावायचा? मुलांबद्दल वाईट वाटतं, पण तो विचार आधी आईबापांनी करायचा.

चष्मिष्ट:
मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाकडे पॅरालीगल आहे. वकील नाही, त्यामुळे हा वकिली सल्ला धरू नका.

पाऊसवेडी, मुलं नागरिक आहेत. नागरिकाला घरात ठेवणं म्हणजे कुणाला लपवणं नव्हे. 'हार्बरिंग'चं कलम बिनकागदाच्या माणसाला दडवण्याबद्दल आहे, त्याचा इथे संबंध येत नाही. एच-१बीलाही या फॉर्मने धक्का लागत नाही.

पण फॉर्म नीट वाचा. "हे मूल माझ्या घरी राहतं" असं त्यात तुम्ही शपथेवर लिहून देता, खोटं ठरलं तर गुन्हा. मूल आज तुमच्याकडे राहत नाही, म्हणजे आज सही करायचीच नाही. भरून फोल्डरमध्ये ठेवा, सही वेळ आली तर त्या दिवशी. नोटरी लागत नाही, कोर्ट लागत नाही. नातेवाईक नसलेल्या माणसाला त्या सहीवर मुलाचं शाळेत नाव घालता येतं आणि शाळेशी संबंधित औषधोपचाराला संमती देता येते, त्यापलीकडे फारसं काही नाही. धाकट्याला दमा आहे म्हणताय, तर बाकीच्या वैद्यकीय संमतीसाठी आईबापाकडून वेगळं पत्र घेऊन ठेवा. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या शेवटी या कायद्यात भर घातली आहे, त्यामुळे फॉर्म ताजा डाउनलोड करा आणि तिथल्या वकिलाला एकदा दाखवा.

आणि पासपोर्ट! सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकन पासपोर्ट काढायला दोन्ही पालकांची संमती लागते. बाप डिटेन्शनमध्ये (इमिग्रेशनच्या कोठडीत) गेल्यावर त्याचं नोटराइज्ड पत्र मिळवताना आमच्या ऑफिसात लोक रडकुंडीला आलेले पाहिलेत. आधी तो काढायला सांगा.

पाऊसवेडी:
आज सही करायची नाही, ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. खूप आभार. पण एक विचारू? नातेवाईक नसलेल्या माणसाकडे मुलं सोपवायची इतकी घाई का? सरकार मुलांची सोय करतंच ना?

चष्मिष्ट:
करतं, म्हणूनच घाई. दोन्ही पालक उचलले गेले आणि मूल ताब्यात घ्यायला कुणी पुढे आलं नाही, तर ते फोस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने नेमलेल्या दुसऱ्या कुटुंबाकडे, जातं. १९९७ चा एक केंद्रीय कायदा आहे: २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फोस्टर केअरमध्ये राहिलं, की राज्याने आईबापाचे पालकत्वाचे हक्क संपवण्याचा अर्ज करायचा. अपवाद आहेत, पण ते कोर्टात मांडायला माणूस हजर हवा. आई लुइझियानाच्या डिटेन्शन सेंटरमध्ये आणि फॅमिली कोर्टाची तारीख सॅन होजेत, तर तिला आणणार कोण? एक खातं दुसऱ्याला विचारत नाही.

अटलांटाची मावशी:
पाऊसवेडी, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, तिथे बिनकागदाच्या माणसालाही २०१५ पासून ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं. आमच्या जॉर्जियात मिळत नाही, आणि सगळी रड तिथूनच सुरू होते. इथे बस म्हणजे नावाला. लायसन्सशिवाय गाडी चालवणं हा इथे दंड भरून सुटायचा प्रकार नाही, अटक होऊ शकते, तुरुंगवासाची शिक्षा आहे. आम्ही राहतो त्या ग्विनेट काउंटीच्या तुरुंगात २००९ पासून २०२० अखेरपर्यंत शेरीफचा (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा) आईसशी, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन पोलिसांशी, करार होता. (२८७-जी म्हणतात त्याला.) तुरुंगात नोंद करतानाच शिपाई विचारायचा, जन्म कुठला? मग बोटांचे ठसे, मग आईसचं 'आणखी ४८ तास सोडू नका' असं पत्र. गाडीचा मागचा दिवा फुटलेला असणं ते हद्दपारी, इतका सरळ रस्ता. नव्या शेरीफने १ जानेवारी २०२१ ला तो करार मोडला. २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला की शेरीफने आईसला सहकार्य केलं पाहिजे.

आमच्या गल्लीत ग्वाटेमालाचं एक कुटुंब आहे. घरात लायसन्स फक्त थोरल्या मुलाकडे, सोळाव्या वर्षी मिळालेलं. पहाटे पाचला तो बापाला बांधकामावर सोडतो, परत येऊन आईला हॉटेलच्या लाँड्रीत सोडतो, मग धाकटीला, मग स्वतः शाळेत पहिल्या तासाला पेंगतो. शाळेने उशिराबद्दल घरी पत्र पाठवलं, ते इंग्रजीत, तेही वाचून दाखवायला तोच. सोळा वर्षांचं पोर घरचा कर्ता होऊन बसलंय. आमच्या लेकाला त्या वयात मी डब्यात काय देऊ विचारत होते.

काळाचहा:
@तिखटजाळ, रांग रांग म्हणताय, छपरं घालणाऱ्या माणसासाठी कुठली रांग आहे ते सांगा. विशेष शिक्षण न लागणाऱ्या कामांसाठी ग्रीन कार्डं वर्षाला १०,००० धरलेली, त्यातलीही काही दुसऱ्या एका कायद्यापायी कापली जातात. ही सगळ्या जगासाठी! भाऊबहिणीमार्फत यायचं तर मेक्सिकनांना वीस वर्षांच्या वर थांबावं लागतं. कारण? तुम्हाला चौदा वर्षं लटकवणारा तोच ७ टक्क्यांचा देशवार कोटा. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आपल्या लाडक्या देशी हॉटेलांत भटारखान्यात डोकावून बघा, तंदूरपाशी मेक्सिकोतल्या प्वेब्लाचा पोऱ्या उभा असतो. त्याच्या हातची रोटी गिळताना तुमचा कायदा आडवा येत नाही.

तिखटजाळ:
रोटीवरून कायदा ठरत नसतो. २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अथेन्समध्ये लेकन रायली नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी पळायला गेली आणि तिचा खून झाला. मारणारा व्हेनेझुएलाचा, २०२२ मध्ये बेकायदा आलेला, आधी दुकानातल्या चोरीत सापडलेला. त्याला तेव्हाच धरून ठेवलं असतं तर ती मुलगी आज जिवंत असती. अटलांटाच्या मावशी, ते तुमच्याच राज्यात घडलं. त्या आईबापाला कुठलं फोल्डर देणार?

अटलांटाची मावशी:
काहीच देता येणार नाही. आमच्याकडे त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. तुमचा राग मला कळतो.

काळाचहा:
राग बरोबर, पण त्यावरून सगळ्यांना एका माळेत ओवायचं का? टेक्सासचं पोलीस खातं अटक झालेल्याचं इमिग्रेशन स्टेटस नोंदवतं. २०१२ ते २०१८ च्या त्या नोंदींवर २०२० मध्ये शोधनिबंध आला. हिंसक गुन्ह्यांत अटकेचं प्रमाण बिनकागदाच्या लोकांपेक्षा इथेच जन्मलेल्या नागरिकांत दुपटीहून जास्त, मालमत्तेच्या गुन्ह्यांत चौपटीहून जास्त. आणि हे टेक्सास, काही डाव्यांचं राज्य नव्हे.

चष्मिष्ट:
त्या मुलीच्या नावाचा कायदा २९ जानेवारी २०२५ ला सही होऊन आला, तो काय करतो ते बघा. बिनकागदाच्या माणसावर चोरीचा, अगदी दुकानातून वस्तू उचलल्याचा नुसता आरोप असला तरी त्याला डिटेन्शनमध्ये ठेवणं सक्तीचं. गुन्हा शाबीत व्हायची गरज नाही. पुढे फौजदारी कोर्टाने निर्दोष सोडलं तरी दरम्यान घरचं भाडं, मुलांची शाळा, नोकरी, सगळं गेलेलं असतं.

आयोवाकर:
एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येतो. आज लिहितो, कारण २००८ मध्ये मी सीडर रॅपिड्सला प्रोजेक्टवर होतो आणि पोस्टविल तिथून दीड-दोन तासांवर. तेव्हा आम्हा देशी पोरांना ऑफिस, क्रिकेट आणि देवळातला महाप्रसाद यापलीकडे काही दिसत नव्हतं. नंतर वाचत गेलो.

पोस्टविल म्हणजे दोन-सव्वादोन हजार वस्तीचं गाव. गावात अ‍ॅग्रिप्रोसेसर्स नावाचा कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या) मांसाचा मोठा कारखाना. १२ मे २००८ ला सकाळी हेलिकॉप्टरं घिरट्या घालायला लागली आणि शेकड्यांनी एजंट आत शिरले. ३८९ जण धरले, बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यांना नेलं वॉटर्लूला, नॅशनल कॅटल काँग्रेसच्या मैदानावर. म्हणजे जिथे गुरांचं प्रदर्शन भरतं तिथे. आवारातल्या नाचाच्या हॉलमध्ये कोर्ट मांडलं. दहा-दहाच्या गटाने माणसं, हातापायात साखळ्या, न्यायाधीशापुढे.

आता खरी मेख. कागद नसणं ही दिवाणी बाब, त्यासाठी एरवी विमानात बसवून परत धाडायचे. इथे पहिल्यांदाच इतक्या मोठ्या संख्येने मजुरांवर फौजदारी गुन्हा लावला: खोटा सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरीला लागणारा सरकारी ओळख क्रमांक) वापरून दुसऱ्याची ओळख चोरल्याचा. त्याला सक्तीची दोन वर्षं. समोर पर्याय ठेवला, हलका गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंग आणि मग मुकाट परत जा. लढायचं तर जामीन नाही, खटला उभा राहीपर्यंतच सहा-आठ महिने आत. ठरवायला आठवडा. एकेका वकिलाकडे पंधरा-वीस अशील. बरेच जण मायन बोली बोलणारे, स्पॅनिशही कच्ची. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेच अनेकांना माहीत नव्हतं, अर्ज तर कारखान्याच्या ऑफिसातच भरलेला. कोर्टाचे दुभाषी एरिक कामायड-फ्रेक्सास हे फ्लोरिडातले प्राध्यापक. त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि पुढे काँग्रेसपुढे साक्षही दिली. लोक एकच विचारत होते, घरी पोरं उपाशी आहेत, कुठल्या कागदावर सही केली की लवकर सुटू? जवळपास ३०० जणांनी गुन्हा कबूल केला.

पुढच्याच वर्षी, मे २००९ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात एकमताने सांगितलं की तो नंबर खऱ्याखुऱ्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याशिवाय ते कलम लागत नाही. म्हणजे ज्या दोन वर्षांची भीती घालून पोस्टविलवाल्यांकडून कबुली घेतली, ते कलमच बहुतेकांना लागू पडलं नसतं. तोवर ही माणसं शिक्षा भोगून परत गेलेली.

काही बायांना लहान मुलांसाठी सोडलं, घोट्याला यंत्र बांधून. काम करायची परवानगी नाही, गाव सोडायची परवानगी नाही. सेंट ब्रिजेट चर्चने कित्येक महिने त्यांना जेवू घातलं. कारखाना त्याच वर्षी दिवाळखोरीत. नंतर मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी आयोवाचे जन्मदाखले तपासले. धाडीनंतरच्या ३७ आठवड्यांत राज्यभर लॅटिनो आयांना कमी वजनाचं मूल होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढलेला. गोऱ्या आयांमध्ये तसा फरक नाही. यात इथेच जन्मलेल्या, नागरिक असलेल्या लॅटिना आयाही आल्या. पोस्टविलपासून शेकडो मैल लांब राहणाऱ्या, ज्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं, त्यासुद्धा.

मालकाचं काय झालं म्हणाल, तर कारखाना चालवणारा शोलोम रुबाश्किन बँकेच्या फसवणुकीत २७ वर्षांसाठी आत गेला. अल्पवयीन मुलांना राबवल्याचा वेगळा खटला होता, त्यात २०१० मध्ये निर्दोष सुटला. उरलेली शिक्षा डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी माफ केली.

पाऊसवेडी:
आयोवाकर, नाचाच्या हॉलमधलं कोर्ट डोळ्यांपुढून जात नाहीये.

तिखटजाळ:
आयोवाकर, प्रतिसाद उत्तम. मालकाला सोडून मजुराला धरणं मलाही पटत नाही. धाड घालायची तर आधी कंपनीवर घाला. बाकी माझं मत तेच.

बंड्या टेक्सासवाला:
आपले लोक इथे 'ते' आणि 'आपण' करताहेत म्हणून सांगतो. माझ्या ओळखीतला एक एफ-१वाला (विद्यार्थी व्हिसावरचा) मराठी मुलगा, दुकानात सेल्फ चेकआउटला दोन वस्तू स्कॅन न करता निघाला. वकील म्हणाला, डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन घे, वर्षभर नीट वाग, केस संपली, कन्व्हिक्शन नाही. राज्याच्या लेखी नाहीच. इमिग्रेशनच्या लेखी मात्र आहे, आणि पोराला हे व्हिसा स्टॅम्पिंगच्या खिडकीवर कळलं. नशीब, लग्नाबिग्नाचं झालं नव्हतं.

चष्मिष्ट:
बंड्या, अगदी हेच. या सगळ्याचं मूळ १९९६ मध्ये आहे. क्लिंटन यांच्या सहीचा कायदा, तेव्हा कुणा एका पक्षावर फोडायला खापर नाही. त्याने हद्दपारीला पुरणाऱ्या गुन्ह्यांची यादी भरमसाठ वाढवली. चोरीला एक वर्षाची शिक्षा सुनावली, ती भोगायलाही लागली नाही, तरी ग्रीन कार्डवाला बाहेर. आणि मागच्या तारखेपासून! अशा केसमध्ये माणूस इथे किती वर्षं आहे, मुलं किती आहेत, हे बघायचा न्यायाधीशाचा अधिकारही काढून घेतला. एवढं करून हद्दपारीला शिक्षा म्हणायचं नाही, ती दिवाणी कारवाई. म्हणून सरकारी वकील मिळत नाही. पाच वर्षांच्या मुलाची केस असली तरी नाही.

२०१० चा पडिया विरुद्ध केंटकी खटला बघा. होंडुरासचा ट्रकड्रायव्हर, ४० वर्षं ग्रीन कार्ड, व्हिएतनामात अमेरिकेच्या बाजूने लढलेला. गांजाच्या केसमध्ये वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं आहेस, काळजी नको, कबूल कर. कबुलीमागोमाग डोक्यावर हद्दपारीची टांगती तलवार. सुप्रीम कोर्ट म्हणालं, फौजदारी वकिलाने हा धोका अशिलाला सांगितलाच पाहिजे. तेव्हापासून निदान विचारायचा हक्क आहे. तो वापरा, एच-१बीवाल्यांनीसुद्धा.

अटलांटाची मावशी:
त्या बाईंची मुलगी २१ ची झाली की आईबापासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करेल, मग होईल ना सगळं सुरळीत? आमच्या शेजाऱ्यांना तीच आशा आहे.

चष्मिष्ट:
ते सीमा ओलांडून आले असतील, विमानतळावर शिक्का मारून नव्हे, तर बहुतेकदा अवघड. तोही १९९६ चाच प्रताप. अशा माणसाला व्हिसाच्या मुलाखतीसाठी देशाबाहेर जावं लागतं, मेक्सिकनांना सिउदाद हुआरेसला. आणि वर्षाहून जास्त बिनकागदाचं राहून बाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं परत यायला बंदी. माफी मागता येते, पण तुमच्याविना कुणाचे हाल होतील ते त्यासाठी दाखवावं लागतं. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवरा-बायकोचे, नाहीतर आईवडिलांचे. मुलांचे हाल त्या माफीत धरतच नाहीत. म्हणजे जिने अर्ज केला तिचंच दुःख हिशेबात नाही.

पूर्वी पुरुष हंगामापुरते यायचे, पैसे गाठीला बांधून घरी जायचे. नव्वदच्या दशकात सीमा आवळली, जाणं-येणं महागात पडायला लागलं, मग जे आत होते त्यांनी बायकामुलांना इकडेच आणलं. कुटुंबं अशी रुजली.

सांगलीकर:
भारतातून लिहितोय. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायात बेड्या घालून आणलेले. त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. आमच्याकडे चार दिवस पंजाब-गुजरातच्या एजंटांवर चर्चा झाली, या तिघांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्यात असं कुणी नसतंच, अशी आपली ठाम समजूत.

काळाचहा:
+१ सांगलीकर.

पाऊसवेडी:
परवा त्या आल्या तेव्हा बसून बोललो. आज सही का नको ते सांगितलं, त्यांना पटलं. शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर माझं नाव घातलंय. नवरा अजून कुरकुरतोय, पण पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला गाडी तोच काढणार आहे. चष्मिष्ट, अजून एक. उद्या नवऱ्याला कामावरून उचललं तर तो कुठे आहे हे त्या शोधणार कसं?

चष्मिष्ट:
आईसची वेबसाइट आहे, त्यावर ए-नंबर आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. ए-नंबर म्हणजे ए अक्षरापुढचे आठ-नऊ आकडे, इमिग्रेशनच्या कुठल्याही जुन्या कागदावर असतो. पूर्वी कधी पकडला गेला असेल तर बहुतेक असणार. नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेश. मेक्सिकन लोकांची दोन आडनावं असतात, पहिलं, दुसरं, दोन्ही जोडून, सगळ्या प्रकारांनी शोधायला सांगा. पहिल्या दिवशी नाव दिसलं नाही तर घाबरायचं नाही, बऱ्याचदा उशिरा चढतं, आणि तोवर माणूस टेक्सास किंवा लुइझियानाला हलवलेला असू शकतो. मेक्सिकन वकिलातीला फोन करायचा, ते चौकशी करतात. आत असताना समोर आलेल्या कुठल्याही कागदावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांना आज, दोघांना समोर बसवून सांगा. फोन नंबर पाठ करायला लावा, मोबाइल पहिल्यांदा काढून घेतात.